बांधावरची बंदूक

निवडणूक लागली की लोक कोण उभं राहिलं ते विचारतात. आमच्या घरात बंदूक कधी जमा करायची ते विचारत. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची, पावती घ्यायची आणि निकाल लागून सगळं शांत झालं की परत आणायची. कोण निवडून आलं याचं मला कधी सुख झालं नाही आणि दुःखही नाही. मला घोर असायचा तो वेगळाच. बंदूक ठाण्यात गेली की आमचा बांध सरकायचा.

आमचं रान दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. मालकांच्या आणि धाकट्या दिरांच्या वाटणीच्या मध्ये एक मातीचा बांध, त्यावर दोन बोरी आणि बाकी सगळी कुसळं. दीर लवकर गेले, जावेच्या पदरात एक लेकरू ठेवून. तेव्हापासून पलीकडचं रान माझी धाकटी जाऊ बघते. चांगलं बघते, पण हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. बंदूक ठाण्यात असली की उन्हाळ्याच्या नांगरटीला ती ट्रॅक्टरवाल्याला सांगते, "जरा कडंनं घे रं." कडेने घेतलं की नांगर बांधाची एक कड खातो. एका नांगरटीला वीतभर. वीतभर जमीन म्हणजे काही नाही, असं शहरातल्या माणसाला वाटेल. त्याने स्वतःची गॅलरी रस्त्यावर किती पुढे काढली आहे ते आधी बघावं.

आम्ही राहायला सोलापुरात, भवानी पेठेत. मालक आठवड्यातून दोन-तीनदा रानात जायचे. मी अर्धं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात घालवलं. पीक राखायला म्हणून मालकांनी एकनळी बाराबोर बंदूक घेतली होती, रीतसर परवाना काढून. रानडुकरं त्या बंदुकीला भीत नव्हती. घेतल्या घेतल्या त्यांनी एकदा हवेत बार काढला होता म्हणतात, मी काही पाहिला नाही. पुढे बार काढल्याचं मला आठवत नाही. तिचं खरं काम वर्षातून एकदाच, खंडेनवमीला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. लोक घरी देवासमोर मांडतात. आमचे मालक रानात, बांधावर मांडायचे. घोंगडं अंथरायचं, त्यावर कुऱ्हाड, कोयता, नांगराचा फाळ आणि सगळ्यांच्या वर बंदूक, नळी जावेच्या रानाकडे करून. पूजा मी करायची. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ. शेवटी बंदूक बिजागरीत मोडून उघडायची आणि आत खोबरेल तेल सोडायचं. यंत्राला तेल लागतं, एवढं मला कारखान्यात राहून कळत होतं. अशी पूजा होऊन बंदूक घरी राहिली की त्या वर्षी बांध जागचा हलत नसे. निवडणूक नेमकी नांगरटीच्या आगेमागे आली की मात्र हलायचा. आमच्या घरात लोकशाहीबद्दल फारसं चांगलं मत का नव्हतं, ते यावरून कळेल.

मालक दोन वर्षांमागे गेले. त्यावर इथे काही लिहायचं नाही.

दिवसकार्य झालं तसा ठाण्यातून एक हवालदार आला. चांगला होता, चपला बाहेर काढून बसला. म्हणाला, परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेला की परवाना गेला. आता ही बंदूक घरात ठेवता येत नाही, कुलपात घालूनही नाही. ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानात जमा करा. मग वारसाने अर्ज करून स्वतःच्या नावावर करून घ्यायची, नाहीतर परवानेवाल्या माणसाला विकायची, नाहीतर सरकारजमा करायची.

मुलाने ती शहरातल्या एका बंदुकीच्या दुकानात नेऊन ठेवली. तो बँकेत आहे. घरात धोका नको, विमा हवा, अशा विचाराचा माणूस. तो म्हणाला, "अव्वा, सरकारजमा करून टाकू. कटकट नको."

"न्हाय. त्यांची आठवण हाय ती," मी म्हटलं.

आठवण म्हटलं की माणसं गप्प बसतात. मालकांची आठवण म्हणून माझ्याकडे त्यांची कवळीपण होती, ती मी आठवड्यातच टाकून दिली होती. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मला बंदूक हवी होती ती बांधासाठी, आणि थोडी रुबाबासाठी. रानातल्या वस्तीवर मला कुणी माझ्या नावाने ओळखत नाही. बंदूकवाल्याची बायको म्हणतात. बंदूक गेली तर नुसती बायको उरणार, आणि तीही गेलेल्या माणसाची.

त्या उन्हाळ्यात मी रानात गेले तर बांध कमरेत बारीक झालेला. एका बोरीची मुळं उघडी पडली होती. जाऊ पलीकडे शेंगा वेचत होती.

"बांध लई वाळलाय गं यंदा," मी म्हटलं.

"ऊनच तसलं हाय की, आक्का," ती म्हणाली, आणि मान वर न करता शेंगा वेचत राहिली.

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी मुलाला सांगितलं, अर्ज कर. माझ्या नावाने.

तो सून आत आहे का ते बघून हळूच म्हणाला, "अव्वा, तुला गॅसचा लायटर पेटवता येत न्हाय. काडीपेटी लागती."

"लायटरला नेम धरावा लागत न्हाय," मी म्हटलं. यात काही अर्थ नव्हता, पण तो अर्ज आणायला तयार झाला.

बंदुकीच्या अर्जाला मुलीच्या लग्नापेक्षा जास्त लोकांची संमती लागते. पोरांनी हरकत नाही म्हणून लिहून द्यायचं. डॉक्टरने शरीर आणि डोकं दोन्ही ठीक आहे म्हणून लिहायचं. ठाण्यातून चौकशी. आणि सगळ्यात कहर म्हणजे बंदूक सांभाळायचं शिक्षण घेतल्याचा दाखला. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर मला कुणी कसला दाखला मागितला नव्हता. आता म्हातारपणी पुन्हा शाळा, आणि तीही बंदुकीची.

ही शाळा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यामागच्या एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये होती. शिकवणारा फौजेतून निवृत्त झालेला, ताठ, मिशा पांढऱ्या, पोट आत. मी त्याला फौजी म्हणायची, तो मला आजी म्हणायचा, वयात फार फरक नसताना. शिकायला आलेले बाकीचे बहुतेक जण गनमनची नोकरी धरायला आलेले. एक तेवढे हौशी कारखानदार होते. त्यांना बंदुकीचं वेड. त्यांच्याकडे नेमबाजीचं जाड कातडी जाकीट होतं, वेगळे बूट होते, एका डोळ्यापुढे झाकणी असलेला चष्मा होता आणि हे सगळं ठेवायला चाकांची पेटी होती. ते जाकीट घालून उभे राहिले की त्यांना खाली वाकता यायचं नाही. काही पडलं की कुणीतरी उचलून द्यायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "आजी, तुमची कुठल्या मेकची?"

"काळी हाय," मी म्हटलं.

"तसं नाही, बनावट कुठली?"

"मागनं लाकूड, पुढनं लोखंड."

ते पुढे काही बोलले नाहीत. मला वाटलं, माझ्या माहितीने गप्प बसले.

खऱ्या काडतुसाचा बार तिथे नव्हताच. लाकडी दस्त्याची एक शिकवायची बंदूक, दारू नसलेली खोटी काडतुसं, छऱ्याची बंदूक आणि नियम, हीच शाळा. नियमच जास्त. फौजीने पहिला नियम सांगितला, की बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच आहे असं समजायचं. दुसरा, की जिथे बार काढायचा नाही तिथे नळीचं तोंड करायचं नाही. तिसरा, नेम धरेपर्यंत बोट चापाला लावायचं नाही. चौथा, बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात.

मी मान हलवत होते आणि मनात घर आठवत होते. आमच्या घरात बंदूक खुंट्यांवर आडवी असायची आणि नळीचं तोंड देवघराकडे. म्हणजे इतकी वर्षं आम्ही देवावर नेम धरून बसलो होतो. काडतुसं होती लोणच्याच्या बरणीशेजारी, रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात. पाहुण्यांची पोरं आली की मालक बंदूक काढून दाखवायचे आणि पोरं पहिल्यांदा चापच ओढायची. आमच्या घरात कुणी मेलं नाही, याचं श्रेय आम्ही कुलदैवताला देत होतो. वर त्यालाच नळी दाखवत होतो.

"तुमच्या घरी कशी ठेवायचे, आजी?" फौजीने विचारलं.

"असंच. तुमी सांगितलं तसं," मी म्हटलं.

मग उभं राहायला शिकवलं. डावा पाय पुढे, दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल लाकडाला. माझा पदर पहिल्यांदा दस्त्यात आला, मग कोपराखाली आला, मग फौजी तोंड फिरवून म्हणाला, "आजी, तो आधी खोचा." खोचला. आता डावा डोळा मिटायचा. इथे सगळं अडलं. मला एक डोळा मिटता येत नाही. एक मिटायला गेलं की दोन्ही मिटतात. आयुष्यात कधी कुणाला डोळा मारायची वेळ आली नाही, त्यामुळे हे मला माहीत नव्हतं.

"उघडा, आजी."

"उघडलाय की."

"दोन्ही मिटलेत."

"मग मला काळं कसं दिसायलंय?"

"मिटल्यावर सगळ्यांना काळंच दिसतं."

शेवटी त्याने माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर कागदाचा तुकडा चिकटवला. तो तुकडा तसाच ठेवून मी घरी आले, रिक्षातून, भवानी पेठेतून, दोन दुकानांत सामान घेऊन. सुनेने दार उघडून विचारलं, "आत्या, डोळ्याला काय झालं?" तेव्हा कळलं.

छऱ्याच्या बंदुकीने मी नेम शिकले. समोर कागदावर काळा गोल, नळीच्या टोकाला बारीक माशी, माशी गोलाच्या खाली बसवायची, श्वास सोडायचा आणि चाप ओढायचा नाही, दाबायचा. माझा पहिला चांगला नेम कारखानदारांच्या कागदावर बसला, अगदी मधे. त्यांनी वळून बघितलं नाही. तो छर्रा त्यांनी आपल्यात धरला, आणि मीही काही बोलले नाही, कारण माझ्या कागदावर एकही भोक नव्हतं आणि ते फौजीला दाखवायचं नव्हतं.

पण पुढे बसायला लागले. मला तिथे बरं वाटायचं, हे लपवत नाही. शेजारच्या कारखान्यात माग खटखटायचे, मला सवयीची झोप यायची, आणि मधूनच माझा छर्रा कागदातून टप् करून जायचा. त्या काळ्या गोलाला मी जाऊ समजत होते. फौजीला वाटायचं आजीची एकाग्रता चांगली आहे.

दाखला मिळाला. लॅमिनेशन करून घेतला आणि त्या रविवारी रानात नेला. रानात दाखल्याचं काही काम नव्हतं. जाऊ गोठ्यात होती. मी दाखला तिच्यापुढे धरला.

"काय गं हे?" ती म्हणाली. "आधार कार्ड हाय व्हय?"

"बंदुकीची परीक्षा पास झाले."

"तू?" तिने दाखला लांब धरून, जवळ धरून बघितला. "बाई बाई. ह्या वयात. आन् मारनार कुनाला?"

"डुकरं लई झाल्यात म्हनं."

"डुकरं रात्री येत्यात, आक्का. तू आठला झोपतीस."

ती हसली, पण दाखला परत देताना पुसून दिला. मला तेवढं पुरलं. मनात म्हटलं, बसली भीती.

मग दुकानदाराकडून बंदूक तपासून घ्यायची होती. ती चालू स्थितीत आहे का, नंबर जुळतो का, हे त्याने लिहून द्यायचं. मी आणि मुलगा गेलो. दुकानदाराने मोठ्या अदबीने बंदूक काउंटरवर ठेवली, मोडून उघडायला गेला. उघडेना. गुडघ्यावर धरून जोर लावला. मग ती उघडली, आणि काचेवर तांदूळ सांडले. पिवळे तांदूळ. त्यामागे सुक्या झेंडूच्या पाकळ्या, आणि कुंकवाच्या आणि तेलाच्या थराची एक काळी-तांबडी वडी. दुकानदाराने ती चिमटीत धरून वास घेतला.

"आजी, हे खोबरेल आहे?"

"शुद्ध हाय. घाण्याचं."

"बंदुकीत खोबरेल घालत नाहीत. ते थिजतं, चिकट होतं." त्याने आत बारीक सळई घालून दाखवलं. काडतुसावर आपटणारी खीळ त्या तेलात आणि हळदीत जाम बसली होती, पायसात शेवई बसावी तशी. "ह्यातनं बार निघायचा बंद होऊन लई वर्षं झाली असतील. चाप ओढला तरी काही होणार नाही."

"लई म्हंजे?"

"तुम्ही पूजा कधीपासून करता?"

मी काचेवरचे तांदूळ गोळा करू लागले. मुलगा तोंड फिरवून रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. त्याचे खांदे हलत होते. फौजी म्हणाला होता, बंदूक नेहमी भरलेली समजा. आमची खरंच भरलेली होती.

दुकानदार म्हणाला, साफ करून देतो, खीळ बदलतो, चालू होईल. तसं त्याने लिहूनही दिलं. पण मुलाने घरी सांगितलं, सुनेने तिच्या माहेरी सांगितलं, आणि दोन दिवसांत जावेचा फोन आला.

"आक्का, खरं हाय का गं? भात निघाला म्हनं बंदुकीतनं."

"भात न्हाय. अक्षता."

"तरीच. मी बी टाकायची की. आमचे हे व्हते तवा दरसाली हळदीकुंकवाला बोलवायचीस की मला. तू म्हनायचीस, टाक गं तू बी चार दाणे. मी साखर बी घातलीया एकदा." मग तिने विचारलं, "म्हंजे ती उडतच नव्हती?"

"न्हाय."

"आन् मी लेकराला त्या बांधाकडं खेळू देत नव्हते."

हे ती हसत बोलली की नाही, ते फोनवर मला कळलं नाही. मी फोन ठेवला. मला राग आला होता तो तिला वाटणारी माझी भीती गेल्याचा. दुसरं काही तेव्हा सुचलं नाही.

परवान्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. सात रस्ता चौकात रिक्षातून उतरल्यापासून मुलगा मला पढवत होता. "अव्वा, कशाला पाहिजे विचारलं तर रानडुकरं. फक्त रानडुकरं. पुढं काही बोलायचं नाही."

ऑफिसात एक मॅडम होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. फाइल त्यांनी नीट वाचलेली दिसली. दाखला बघून म्हणाल्या, "नेम चांगला आहे तुमचा, आजी."

"छऱ्याचा," मी म्हटलं. मुलगा खोकला.

"बंदूक कशासाठी पाहिजे?"

"रानडुकरांसाठी."

"रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, माहीत आहे ना?"

"मारायचं न्हाय. भ्या दावायचं."

"ह्या अहवालात लिहिलंय की बंदूक बरीच वर्षं बंद होती. मग इतकी वर्षं डुकरं कशाला भीत होती?"

"डुकरं कुटं भीत व्हती," मी म्हटलं. "जाऊ भीत व्हती."

माझं तोंड असंच आहे. ते उघडलं की दोन्ही दारं उघडतात. मुलाने पंख्याकडे बघितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सगळं सांगा." मी सगळं सांगितलं. बांध, घोंगडं, नळी कुठे करायचे ते. सांगताना मला वाटत होतं की यांना पटतंय, कारण त्या मधे बोलत नव्हत्या.

"तुमच्या जिवाला कुणापासून धोका आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"न्हाय."

"आणि तुमच्यापासून कुणाला?"

मी पदराने चष्मा पुसला. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. बंदुकीचा परवाना जीव, माल, पीक राखायला असतो, भावकीला धाक दाखवायला नसतो. परवाना असलेल्या बंदुकीने धाक दाखवला तरी तो गुन्हाच. तुमचे मालक असते आणि त्यांनी हे मला सांगितलं असतं, तर त्यांचाही परवाना मी काढून घेतला असता. "अर्ज नामंजूर करते आहे. लेखी मिळेल. वर अपील करता येतं." मग फाइल बंद करून म्हणाल्या, "आजी, बांधाला मोजणी असते. बंदूक नसते."

बाहेर आल्यावर मुलाने मला उसाचा रस पाजला. एवढं सगळं मातीत घातल्यावर माणूस ओरडतो. तो रस पाजत होता, म्हणजे त्याला सुटल्यासारखं झालं होतं.

मला मात्र मॅडमचं शेवटचं वाक्य धरून बसलं. मोजणी. सरकारी माणूस येणार, यंत्र लावणार आणि जावेने खाल्लेली माती वीत-वीत मोजून परत देणार. बंदुकीपेक्षा हे बरं, असं मला वाटलं. बंदुकीने बांध जागेवर राहतो. मोजणीने मागे जातो. मी मुलाच्या मागे लागून मोजणीचा अर्ज केला.

मोजणीवाला आला त्या दिवशी वस्तीवरचे सगळे बांधावर. तीन पायांचं यंत्र त्याने लावलं, एक डोळा मिटून त्यात बघितलं. त्याला एक डोळा मिटता येत होता. जाऊ पलीकडे हाताची घडी घालून उभी. मी अलीकडे, इस्त्रीचं लुगडं नेसून. जिंकायला जाताना नेसावं तसं.

त्याने यंत्र हलवलं, पुन्हा बघितलं, नकाशा बघितला. मग माणसाला चुना ओढायला सांगितलं. माणूस बांधावर गेला, बांध ओलांडून आमच्या रानात उतरला आणि आमच्या ज्वारीतून रेघ ओढत निघाला. मला वाटलं तो चुकला. मी म्हटलं, "बाबा, बांध मागं ऱ्हायला."

"हद्द हीच आहे, आजी," मोजणीवाला म्हणाला. "बांध त्यांच्या रानात आहे. जवळजवळ दीड हात."

मी त्या रेघेकडे बघत राहिले. म्हणजे जाऊ इतकी वर्षं वीतवीत जे खात होती ते तिचंच होतं, आणि अजून तिचं सगळं खाऊन झालेलं नव्हतं. आणि आम्ही दर खंडेनवमीला तिच्याच जमिनीवर घोंगडं अंथरून, तिच्याच रानाकडे नळी करून, न उडणारी बंदूक पुजत होतो.

"तुला म्हाईत व्हतं?" मी जावेला विचारलं.

"व्हय. वाटनीच्या वक्ताला मामंजींनी दगूड पुरला व्हता. पुढं त्यो दगूड दिसंना झाला."

"मग बोलली का न्हाईस?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मी एकली बाई. मधी बंदूक व्हती की, आक्का. बोलायचं कसं?"

मोजणीवाल्याने कागद पुढे केला. म्हणाला, मान्य असेल तर सही करा, हरकत असेल तर तसं लिहा, वर पुन्हा मोजणी मागता येते. इतके दिवस बंदुकीला हसणारा माझा मुलगा एकदम पुढे आला आणि माझ्या कानात म्हणाला, "अव्वा, सही करू नको. हरकत घेऊ. मुदत मिळंल. दीड हात म्हंजे बांधाच्या लांबीनं लई होतंय." रान त्याला कधी आवडलं नाही, पण जायला निघालं तसं आवडायला लागलं. तो माझाच मुलगा आहे.

मी सही केली. मी काही थोर बाई नाही. मोजणीवाला मीच बोलावला होता, त्याला चांगलं म्हणून मीच वस्तीभर सांगितलं होतं, आणि आता तो खोटा म्हणायला जे तोंड लागतं ते माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं. दुसरी गोष्ट, ती लेकराला बांधाकडे खेळू देत नव्हती, ते मला तेव्हा पुन्हा आठवलं. फोनवर ऐकलं तेव्हा मी ते नुसतं ऐकलं होतं.

बंदूक सरकारजमा केली. दुकानदाराने ती साफ करून नवी खीळ बसवून ठेवली होती. म्हणाला, आता एकदम चालू आहे, बघणार का? मी म्हटलं, नको. शेडमध्ये मात्र मी अजून महिन्यातून एकदा जाते. तिथली छऱ्याची बंदूक फौजीच्या नावावर आहे, आणि कागदाचा गोल आता मी कागदाचाच समजते. त्यामुळे नेम बिघडला आहे.

नवे दगड बसले. जावेने जुना बांध मोडून ती पट्टी नांगरली, तूर टाकली. मला वाटलं होतं, सही केल्यावर ती चहाला बोलवेल. बोलावलं नाही. परवा मी रानात गेले तर ती तुरीत उभी होती, हातात खुरपं. मी दगडाच्या अलीकडून चालत होते आणि ती मी किती अलीकडे आहे ते बघत होती. खुरप्याला परवाना लागत नाही. मी पदर सावरला आणि आणखी थोडं अलीकडून चालत गेले.